तीन केळी म्हणजे नेमकी किती? केळ्याच्या केकवरील प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

केळ्याच्या केकच्या कृतीवर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली आणि उत्तर द्यायला आठवडा घेतला, कारण केक पुन्हा करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. कृतीत लिहिल्याप्रमाणे तीन पिकलेली केळी, दीड कप मैदा आणि एक चमचा खाण्याचा सोडा घेऊन आपण केक केलात. पन्नास मिनिटांनी तो वरून छान तपकिरी दिसला म्हणून बाहेर काढलात. थोड्याच वेळात तो मधोमध खाली बसला, कापल्यावर आत गिच्च निघाला आणि चवीला साबणासारखा लागला. यावरून आपण दोन निष्कर्ष काढले आहेत. पहिला असा की माझी कृतीच चुकीची आहे. दुसरा असा की एरवी मी वजनकाटा, तापमापक आणि अंश सेल्सिअस यांचे अवडंबर माजवून घरच्या साध्या खाऊतला आनंद घालवतो, कारण असा खाऊ हाताच्या अंदाजानेच करायचा असतो.

पहिला निष्कर्ष मला पूर्णपणे मान्य आहे. दुसरा मान्य नाही, आणि पहिला मान्य असल्यामुळेच तो मान्य नाही. इतर कृतींत मी वजने देतो. केळ्याचा केक मात्र फारच साधा, कोणालाही जमण्यासारखा, म्हणून या एकाच कृतीत मी वजने गाळून ‘तीन केळी’, ‘दीड कप’ आणि ‘एक चमचा’ असे लिहिले. आपला केक बिघडला तो नेमका या तीन शब्दप्रयोगांमुळे.

गेल्या रविवारी मी दोन केक केले. एकासाठी तीन लहान केळी सोलून त्यांचा गर काट्यावर ठेवला, तो २६२ ग्रॅम भरला. दुसऱ्यासाठी तीन मोठी केळी घेतली, त्यांचा गर ४१० ग्रॅम भरला. दोन्ही वेळा कृतीचे शब्दशः पालन झाले होते, तरी फरक १४८ ग्रॅमचा होता. केळ्याच्या गरात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असते, म्हणजे दुसऱ्या मिश्रणात मी सुमारे ११० मिलिलिटर पाणी जास्तीचे घातले, आणि ते घालतो आहे हे मला काट्याशिवाय कळलेही नसते. पिठात एकदम अर्धा कप पाणी ओतायला मला कोणी सांगितले असते, तर मी ते केले नसते. केळ्याच्या सालीआडून तेवढेच पाणी सहज आत गेले.

दुसऱ्या केकमध्ये सोड्याचा चमचा मी शिगोशीग भरून घातला, कारण कृतीत ‘सपाट’ हा शब्द नव्हता आणि बहुतेकांचा हात तसाच भरतो. पन्नास मिनिटांनी दोन्ही केक वरून पाहिले, तेव्हा कच्चा असायला हवा तो दुसरा केक पहिल्यापेक्षा जास्त तपकिरी दिसत होता. वरच्या भेगेजवळ कान नेल्यावर मात्र आतून बारीक चरचर ऐकू येत होती. ओलसर मिश्रणातले बुडबुडे फुटत असल्याचा तो आवाज असतो आणि केक शिजत आला की तो हळूहळू थांबतो. पहिला केक जवळजवळ गप्प होता. मधोमध तापमापक खुपसल्यावर पहिल्यात ९५ अंश आणि दुसऱ्यात ८४ अंश सेल्सिअस तापमान मिळाले. दुसरा मी मुद्दाम तसाच बाहेर काढला. दहा मिनिटांत त्याचा मधला भाग दोन बोटे खाली गेला, आणि सुरी फिरवल्यावर तळाशी काळसर, ओला, खळीसारखा चकाकणारा थर दिसला. आपण वर्णन केलेला केक माझ्यासमोर जसाच्या तसा ताटलीत होता.

आता कारण सांगतो, कारण आपल्या तिन्ही तक्रारींचा धागा एकच आहे. खाण्याच्या सोड्याला आंबट पदार्थाची जोड मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि केक फुगतो. जोडीला पुरेसा आंबटपणा नसला, तर उरलेल्या सोड्याचे ओव्हनच्या उष्णतेने सोडियम कार्बोनेट होते. हा धुण्याचा सोडा. साबणासारखी चव त्याचीच. उरलेला सोडा मिश्रण अल्कधर्मी करतो, आणि अल्कधर्मी मिश्रणाचा वरचा भाग लवकर तपकिरी होतो. साखर आणि प्रथिने यांच्यातील ज्या प्रक्रियेमुळे पाव, बिस्किटे आणि केक यांना खरपूस रंग येतो, ती प्रक्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ साली मांडली. आम्लाने ती मंदावते आणि सोड्याने वेग घेते. त्यामुळे सोडा जास्त झाला की केकचा रंग खोटे बोलतो. आत पाणी जास्त असल्यामुळे केकला वेळ जास्त लागणार होता, आणि वर सोडा जास्त असल्यामुळे तो लवकर झाल्यासारखा दिसत होता. आपण डोळ्यांवर विश्वास ठेवून केक बाहेर काढलात, यात आपली काहीच चूक नाही. मैद्यातला स्टार्च आणि अंडी घट्ट होण्याआधीच आधाराचा वायू निवला आणि केक बसला.

आपण सुचवले आहे की सोडा काढून त्याऐवजी बेकिंग पावडर घालावी. तसे करता येईल, पण तेवढीच घालून चालणार नाही. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर त्याला लागणारे आम्लही कोरड्या रूपात असते, म्हणून तिचा जोर सोड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकाच असतो. १९० ग्रॅम मैद्याला पाच मिलिलिटरच्या चमच्याने सपाट दोन चमचे पुरतात. बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली असे चूर्ण तयार केले ते पत्नीसाठी, कारण तिला यीस्ट सोसत नव्हते आणि तिला खाता येईल असा पाव त्यांना हवा होता. ज्या चूर्णावर आज घरोघरीचे केक फुगतात, ते एका माणसाला निर्धास्तपणे खाता यावे म्हणून घडले, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. पावडरीने केक पांढुरका होईल आणि सोड्यामुळे येणारा गडद रंग मिळणार नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

वजनकाटा ही नव्या हौशी लोकांची खूळे आहेत आणि घरचे स्वयंपाकी पूर्वापार कपानेच मोजत आले आहेत, असे आपण म्हणता. इथे मला नम्रपणे वेगळे मत मांडावे लागेल. पौंड केकचे नावच पाहा. मैदा, लोणी, साखर आणि अंडी, सगळे एकेक पौंड, अशी ही अठराव्या शतकात रुळलेली कृती वजनाखेरीज सांगताच येत नाही. फ्रेंच भाषेत याच प्रकारच्या केकला ‘चार चतुर्थांश’ अशा अर्थाचे नाव आहे. तेव्हा वजनाची रीत जुनीच आहे. कपाची आणि चमच्याची मापे अमेरिकेत घरोघरी रुजली, आणि तिथेही बॉस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांना १८९६ सालच्या आपल्या पुस्तकात माप सपाट करून घेण्याचा आग्रह धरावा लागला, कारण शीग भरलेला कप आणि सपाट कप एक नसतात. आजही कप सर्वत्र सारखा नाही. अमेरिकेत तो सुमारे २३७ मिलिलिटरचा धरतात आणि ऑस्ट्रेलियात २५० मिलिलिटरचा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा असतो. कप एकच असला तरी हात बदलला की माप बदलते. मैदा चमच्याने हलका भरून सपाट केला तर कपात सुमारे १२० ग्रॅम मावतो, आणि कपच डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. दीड कपात हा फरक ४५ ग्रॅमचा होतो.

शिवाय काट्यामुळे काम वाढते हेही मला पटत नाही. एकच मोठे भांडे काट्यावर ठेवावे, आकडा शून्य करावा, मैदा घालावा, पुन्हा शून्य करून साखर घालावी, पुन्हा शून्य करून केळ्याचा गर घालावा. ना कप भरायचे, ना ते घासायचे. दिवसभर दमून आल्यावर काहीतरी गोड आणि गरम खावेसे वाटते, तेव्हा मला हीच सर्वांत सोपी वाट वाटते.

अंदाजाला माझा विरोध आहे, असे मात्र कृपया समजू नये. पॉपकॉर्न करताना मी घड्याळाकडे कधी पाहत नाही. झाकणाखाली दाण्यांचा तडतडाट भरात येतो, मग विरळ होतो, आणि दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंदांचे अंतर पडू लागले की गॅस बंद करतो. तिथे कान पुरेसा असतो. लोणी लावून तव्यावर टोस्ट भाजताना नाक आणि डोळे पुरतात, आणि सूप उकळताना जीभ पुरते. हे सगळे पदार्थ करता करता सुधारता येतात. मीठ कमी वाटले तर घालता येते, आंच जास्त वाटली तर कमी करता येते. केकच्या मिश्रणाचे भांडे एकदा ओव्हनमध्ये गेले की त्यात काहीही घालता येत नाही आणि काढताही येत नाही. म्हणून सगळा विचार आधी करावा लागतो. अंदाज जिथे दुरुस्त करता येतो तिथे तो स्वयंपाक्याचा सर्वांत मोठा गुण आहे. बंद ओव्हनमध्ये त्याला दुरुस्तीची संधीच मिळत नाही. याच केकमध्येही दालचिनी, व्हॅनिला, अक्रोड किंवा चॉकलेटचे तुकडे आपण खुशाल मनाप्रमाणे घालावेत. साखरही केळी फार पिकलेली असतील तर पाव हिस्सा कमी करावी, कारण केळे पिकताना त्यातल्या बहुतेक स्टार्चची साखर होते आणि साल काळ्या ठिपक्यांनी भरली की गर मुळातच पुरेसा गोड असतो.

तापमापकाच्या बाबतीत आपली टीका मी स्वीकारतो. तो असलाच पाहिजे अशा सुरात मी लिहीत आलो, आणि त्यामुळे ज्यांच्याकडे तो नाही त्यांना आपल्याला केक करताच येणार नाही असे वाटले असेल, तर तो दोष माझ्या लिखाणाचा आहे. त्याच्याशिवाय चांगले भागते. केकच्या कडा भांड्यापासून किंचित सुटाव्यात, मधोमध बोटाने हलके दाबल्यावर खळगा न राहता पृष्ठभाग पुन्हा वर यावा, बारीक काडी तळापर्यंत घातल्यावर तिला ओले मिश्रण लागू नये, आणि कान जवळ नेल्यावर चरचर जवळपास थांबलेली असावी. या चारांपैकी तीन खुणा जुळल्या तर केक झाला असे मी मानतो. काडी एकाच ठिकाणी घालू नये, कारण ती केळ्याच्या फोडीत शिरली तर शिजलेल्या केकमधूनही ओली येते.

आनंदाबद्दलचे आपले वाक्य मला सर्वांत जास्त लागले, म्हणून त्याचे उत्तर मनापासून देतो. साधा खाऊ आपण बहुधा मन थकलेले असताना, कोणी आजारी असताना, किंवा बाहेर पाऊस असून घरात सगळे एकत्र असताना करतो. अशा वेळी गिच्च निघालेला केक फक्त मैदा आणि लोणी वाया घालवत नाही. घरातली माणसे तासभर वास घेत वाट पाहत असतात, आणि त्यांच्यासमोर तो केक कापावा लागतो. आपण तोच प्रसंग लिहिला आहे, ‘मुले ताटल्या घेऊन बसली होती’ असे. माझ्या कृतीमुळे त्या ताटल्या रिकाम्या राहिल्या, याचे मला खरोखर वाईट वाटते. पुढच्या वेळी त्या भराव्यात, एवढ्यासाठीच मी ग्रॅम लिहितो.

कृती मी आज दुरुस्त केली आहे. केळ्याचा गर सोलून ३०० ग्रॅम, मैदा १९० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, वितळवलेले लोणी १०० ग्रॅम, अंडी दोन, आंबट दही ६० ग्रॅम आणि पाच मिलिलिटरच्या चमच्याने सपाट पाऊण चमचा सोडा, असे प्रमाण आता तिथे आहे. दही पूर्वी नव्हते. सोड्याला आंबटपणाची जोड मिळावी म्हणून ते घातले आहे. कोरडे जिन्नस ओल्यात घातल्यावर मैदा दिसेनासा होईपर्यंतच मिसळावे, फेटत बसू नये, नाहीतर केक चिवट होतो. सोडा ओला झाल्याबरोबर कामाला लागतो, म्हणून ओव्हन आधी १७० अंशांवर तापवून ठेवावा आणि मिश्रण वाट पाहत ठेवू नये. उरलेला केक फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण तिथल्या थंडीत त्यातला स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. दोन दिवस झाकून बाहेर ठेवावा, आणि त्याहून जास्त टिकवायचा असेल तर काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत.

एक गोष्ट आपल्या प्रतिक्रियेतून कळली नाही, ती म्हणजे भांड्याचे माप, आणि तेही मी कृतीत लिहिले नव्हते. मी २३ बाय १३ सेंटिमीटरचे लांबट भांडे वापरतो, त्यात हा केक ५५ ते ६५ मिनिटांत होतो. आपले भांडे २० बाय १० सेंटिमीटरचे असेल, तर तेच मिश्रण त्यात दीडपट उंच उभे राहते आणि मधल्या भागापर्यंत उष्णता पोहोचायला बराच जास्त वेळ लागतो. तसे असेल तर भांडे दोन तृतीयांशच भरावे आणि उरलेले मिश्रण लहान वाट्यांत घालून वेगळे भाजावे. ते अर्ध्या तासाच्या आत होते. आपल्या भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची कळवलीत, तर त्या मापात मी केक करून पाहीन आणि त्याचा वेळ कृतीत जोडेन.