वेळ लिहायची तर नीट लिहा ना!

‘सकाळी १० वाजता’ म्हणजे कुठल्या गावच्या घड्याळात १०? एवढं एक स्पष्ट लिहायला या परदेशी कंपनीवाल्यांच्या जिवावर काहून येतं?

जुलैमध्ये माझ्या पुतण्याचा अमेरिकेतल्या एका कंपनीसोबत ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. घरात रेंज येत नाही, म्हणून पोट्ट्यानं गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ ताडपत्री बांधली, खाली प्लास्टिकची खुर्ची टाकली. लाइन गेली तर म्हणून शेजारच्याची पॉवर बँक मागून आणली. मेलमध्ये लिहिलं होतं सकाळी १०, ईएसटी, म्हणजे न्यूयॉर्ककडची, अमेरिकेच्या पूर्व भागातली प्रमाण वेळ. त्यानं नीट शोधलं. ईएसटी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं, म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेआठ. सव्वाआठलाच इस्त्रीचा शर्ट घालून गडी तयार. लिंक उघडली तर पलीकडं कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी मेल आला, तुम्ही हजर राहिला नाहीत.

हजर राहिला नाहीत म्हणे! अरे, जुलैमध्ये न्यूयॉर्कला ईएसटी चालूच नसते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढं करतात अन् नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागं घेतात. मधले सगळे महिने ती ईडीटी, म्हणजे तिथली उन्हाळी वेळ, अन् आपला फरक साडेनऊ तासांचा. इंटरव्ह्यू आपल्या साडेसातलाच होऊन गेला होता. अक्षर चुकवलं त्यांनी, नोकरी गेली आमच्या पोराची. त्यानं सगळं समजावून मेल टाकला, त्याला उत्तर नाही. वरून गावातले पानठेल्यावर विचारतात, “घड्याळ पाहता येत नाही का बे तुले?” हे ऐकून माझं डोकं फिरतं. हिशेब त्याचाच बरोबर होता!

अन् शोधायला जावं तर तिथंही तोच ताप. ‘अमेरिकेत किती वाजले’ विचारलं की मोबाइल वॉशिंग्टनची वेळ सांगून मोकळा. वहिनीची बहीण डॅलसला आहे, तिथं एक तास कमी. कॅलिफोर्नियात तीन तास कमी. ॲरिझोना राज्य घड्याळ हलवतच नाही, पण त्यातला नवाहो या मूळनिवासी लोकांचा भाग हलवतो. वेबसाइट उघडली तर वर जाहिरात, खाली जाहिरात, शहर निवडायला बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडतं. तोपर्यंत रेंज जाते. कित्येक ठिकाणी नुसते वाजलेले आकडे, तारीख नाहीच. आपल्याकडं सोमवारची सकाळ असते तेव्हा तिथं रविवारची रात्र असते, हे सांगायला नको?

युरोपवाले घड्याळ हलवतात मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे अमेरिकेनंतर दोन-तीन आठवड्यांनी. ऑस्ट्रेलियात सिडनी हलवते, ब्रिस्बेन नाही. युरोपच्या संसदेनं २०१९ मध्ये हा प्रकार बंद करायच्या बाजूनं मत दिलं होतं, तरी अजून चालूच आहे. आपल्याकडं गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत, सगळ्या देशात, बारा महिने एकच वेळ. या घड्याळ फिरवण्याशी आमचा संबंधच काय? पण चुकलं की भोगायचं आम्हीच.

तुमच्या देशात काय करायचं ते करा. पण भारतातल्या माणसाला बोलावता तर भारताची वेळ लिहा, तारखेसकट. भारतीय प्रमाण वेळेसाठी नुसतं आयएसटीसुद्धा नको, आयर्लंड अन् इस्रायलही तीच अक्षरं वापरतात. सरळ ‘भारतीय वेळ, संध्याकाळी ७.३०’ लिहायला काय लागतं? अन् चूक तुमची निघाली तर त्या पोराला दुसरी वेळ द्या.