वजन वाढवलं म्हणून रान समतल होत नाही

सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे: जुन्या लोखंडाचा ड्रॅग (ट्रॅक्टरमागे ओढायची आडव्या पट्ट्यांची चौकट) घरीच जोडा, वर भरपूर वजन टाका, दोन-चार फेऱ्या मारा, रान लेझर लेव्हलर लावल्यासारखं समतल होतं, माती जरा ओली असली तर उत्तमच. ड्रॅग घरी बनवावा, याबद्दल माझी तक्रार नाही. बाकीचं मात्र खोडून काढलंच पाहिजे, कारण यात डिझेल जातं, जमीन दाबली जाते आणि पाणी पुन्हा जुन्याच जागी साचतं.

‘लेझरसारखं समतल.’ रान गुळगुळीत होणं वेगळं आणि समतल होणं वेगळं. फळी म्हणा, मैंद म्हणा, नाहीतर वेल्डिंग केलेला ड्रॅग, तो जमिनीवर टेकूनच चालतो. ढेकळं, नांगराच्या तासांच्या कडा, चाकोऱ्या तो छान मोडतो, कारण त्या त्याच्या लांबीपेक्षा लहान असतात. वीस मीटर पसरलेल्या खोलगट भागात मात्र तो नुसता उतरतो आणि पलीकडे चढतो. लेझर लेव्हलरचं पातं किरणाने ठरवलेली पातळी धरून हायड्रॉलिकवर आपोआप वर-खाली होतं. जमिनीचा चढउतार त्याला फसवू शकत नाही.

‘दोन-चार फेऱ्या.’ इथे मातीचा हिशेबच मांडू. एका हेक्टरवर १ सेंटिमीटरचा थर म्हणजे १०० घनमीटर माती. अर्धं शेत हव्या पातळीपेक्षा फक्त १ सेंटिमीटर उंच आणि अर्धं तेवढंच खोल असलं, तरी ५० घनमीटर माती इकडून तिकडे न्यावी लागते. २ मीटर रुंद पट्टीपुढे २० सेंटिमीटर उंचीचा उतरता ढीग साचला, तर त्यात साधारण ०.०४ घनमीटर माती मावते. म्हणजे साडेबाराशे वेळा भरायचं आणि रिकामं करायचं, तेही वाटेत बाजूंनी काहीच सांडलं नाही असं धरून!

‘जितका जड तितका चांगला.’ फार जड पट्टी रुतते, पुढे ढीग लोटते आणि थांबली की तिथे नवा बांध सोडते. वजनापेक्षा लांबी वाढवा, एकामागे एक दोन-तीन आडव्या पट्ट्या ठेवा: पुढची खरवडते, मागच्या पसरतात. फेऱ्या तिरक्या मारा आणि दुसरी फेरी पहिलीला छेदून घ्या. वेग कमीच ठेवा. जोरात ओढला की ड्रॅग उड्या मारतो आणि मागे लाटा उमटतात.

‘ओली असली तर उत्तम.’ सगळ्यात नुकसान करणारी ओळ हीच, विशेषतः चिकण जमिनीत. पट्टीखाली ओली माती लिंपली जाते, छिद्रं बुजतात, वाळल्यावर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही आणि कोंब वर यायला धडपडतो. वापसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, येईपर्यंत थांबा. मूठभर माती दाबून गोळा करा. बोटाने दाबल्यावर तो भुसभुशीत फुटला तर जा, नुसता चेपला तर आणखी थांबा.

आणि वजन म्हणून ड्रॅगवर माणूस उभा करायचा सल्ला कोणी देत असेल, तर तो तिथल्या तिथे थांबवा. झटका बसला की माणूस पुढे, पट्टीखाली जातो. साखळीही ट्रॅक्टरमागच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढायच्या दांड्याला) अडकवा. वर, अ‍ॅक्सलच्या उंचीला बांधली आणि ड्रॅग रुतला, तर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जाऊन तो मागे चालकावर उलटतो.