तंबू स्वस्त, बाकी जादा

कुंडलिका नदीत राफ्टिंग करायला कोलाडला जायचं, तर तिथे स्वस्तातला कॅम्प शोधणं म्हणजे लग्नाची स्थळं बघणं. फोटोत सगळेच गोरे, उंच आणि नदीकाठचे.

नदीकाठ हा शब्द तर फारच लवचीक. नदी दिसली की 'रिव्हर टच', नुसती ऐकू आली की 'रिव्हर साइड', आणि विचारत विचारत जावं लागलं की 'पाच मिनिटांवर'. म्हणून मी कोलाड नाक्यापासूनचं अंतर विचारतच नाही. राफ्ट सुटतात साजे गावाजवळून, आत भिऱ्याच्या दिशेला, आणि उतरवतात बारा-तेरा किलोमीटर खाली. उलट्या दिशेचा, रोह्याकडचा कॅम्प माणशी दोनशेने स्वस्त दिसतो, पण सकाळी राफ्टपर्यंत नेणारी जीप त्यात धरलेली आहे का? आणि ओल्या चड्डीतल्या सहा जणांना परत गाडीपर्यंत कोण आणणार? ही दोन उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावीत. फोनवर सगळेच "होऊन जाईल" म्हणतात.

सकाळ चुकवून चालत नाही. मुळशी धरणाचं पाणी डोंगरातून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि वीज करून झाली की सकाळी कुंडलिकेत येतं; राफ्ट चालतात त्यावरच. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापट 1921 च्या मुळशी सत्याग्रहात उभे राहिले, त्याच्याच उरलेल्या पाण्यावर आपण लाइफ जॅकेट घालून किंचाळतो. हे पाणी कुणाच्या पोह्यांसाठी थांबत नाही. म्हणूनच उघड्या पात्रात फुकट तंबू ठोकायची अक्कल कुणी लढवू नये. रात्री घोटाभर असलेलं पाणी सकाळी उशाशी येतं.

आता 'चार जणांचा तंबू'. तो साधारण सात फूट रुंद. 84 इंच भागिले चार, म्हणजे माणशी 21 इंच. घरची उशी याहून लांब असते. शिवाय सॅका आहेतच. चौघांना दोन तंबू मागावेत आणि बाहेरचं कापड ताणून बांधलंय का ते उजेडातच बघावं. ते सैल पडून आतल्या कापडाला टेकलं की श्वासाचा दमट थर तिथे साचतो आणि पहाटे कपाळावर टपकतो. लोक म्हणतात तंबू गळतो. तंबू बिचारा गळत नाही, आपणच गळत असतो. ऑक्टोबरात तर सगळीकडून.

पॅकेजमधलं बार्बेक्यू म्हणजे माणशी चार तुकडे. शाकाहाऱ्यांना बटाटा, अननस आणि सहानुभूती, दर तोच. पावसाळ्यात शेकोटीचे पैसे आगाऊ देणाऱ्याला मी हात जोडतो. त्यापेक्षा गावात कुणाच्या अंगणात, विचारून, स्वतःचा तंबू लावावा, जेवणाचे वेगळे पैसे द्यावेत. पिठलं-भाकरीला 'अनलिमिटेड' अशी पाटी लावावी लागत नाही.

एवढं सगळं विचारूनही एक प्रश्न हमखास राहतो: संडास किती? चाळीस माणसं, दोन संडास, जीप सातला. भागाकार आदल्या रात्रीच करावा.