रुपया अस्सल, नऊ खोटा

तक्रार नोंदवून आज ३४ दिवस झाले आणि सकाळी ऑनलाइन लिलाव चालवणाऱ्यांचा तिसऱ्यांदा तोच मेसेज आला: "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." गैरसोय? नळाला पाणी आलं नाही की गैरसोय होते. माझ्याकडून ५० हजारांच्या वर पैसे घेऊन खाडाखोड केलेलं नाणं पाठवलंय, याला फसवणूक म्हणतात. हा शब्द वापरायचीसुद्धा यांची तयारी नाही.

झालं ते सांगतो. ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचे रुपये मी कॉलेजात असल्यापासून जमवतोय. १९३८ ते १९४५ चांदीचे, १९४६ ला रुपया पाडलाच नाही, आणि १९४७ चा निकेलचा, मागे वाघ असलेला. माझ्या अल्बममध्ये एकच खण रिकामा होता, १९३९ चा. हे साल हाताला लागणं किती कठीण आहे ते जमवणाऱ्यांना ठाऊक आहे. १९४० पासून रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली. त्याआधीच्या, ९१.७ टक्के चांदीच्या जुन्या मापाचा हा शेवटचा रुपया. वीस वर्षं मी त्याची वाट पाहिली. दोन महिन्यांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात तो दिसला. वर्णनात "अस्सल, दुर्मीळ, जुन्या संग्रहातून" असं लिहिलेलं, सोबत विक्रेत्याने स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र. शेवटच्या चार मिनिटांत बोली ४२,००० वर गेली. त्यावर लिलावाचा अधिभार, अधिभारावर कर, वर कुरिअर आणि विमा.

पार्सल आलं. काट्यावर ठेवला, ११.६६ ग्रॅम. म्हणजे बरोब्बर जुना एक तोळा. फरशीवर टाकला, खणखणीत वाजला. चांदी अस्सल, वजन अस्सल, राजाचं तोंड अस्सल. मग दहापट भिंग लावून साल पाहिलं आणि पोटात गोळा आला. शेवटच्या नऊच्या खालच्या वळशाशी, डाव्या बाजूला, बारीक ओरखडे. आजूबाजूचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि तेवढाच भाग खरवडल्यासारखा. इंग्रजी आकड्यांत आठाचा नऊ करायला फार काही लागत नाही, खालच्या वळशाची एक बाजू कोरून काढली की झालं. कुणीतरी १९३८ चा साधा रुपया घेऊन सुईच्या टोकाने त्याचा १९३९ केला होता.

माझा संताप इथूनच सुरू होतो. ओतीव नकली नाणं असतं तर वजनात सापडलं असतं, आवाजात सापडलं असतं, कडेची शिवण दिसली असती. पण या असल्या कारागिरीला पकडायचं तर नाणं हातात घेऊन, उजेडात तिरकं धरून, भिंगाखाली बघावं लागतं. ऑनलाइन लिलावात नेमकं तेवढंच करता येत नाही. आता मी लिलावातले फोटो पुन्हा उघडून पाहिले. राजाच्या डोक्याचा फोटो इतका स्वच्छ की मुकुटावरचे मणी मोजावेत. सालाच्या बाजूचा फोटो लहान, आणि उजेडाची तिरीप नेमकी शेवटच्या आकड्यावर पडलेली. हा योगायोग नाही. ज्याने तो फोटो काढला त्याला माहीत होतं की काय लपवायचंय.

आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. हा अख्खा धंदा त्यावर उभा आहे.

विक्रेत्याला फोन केला. आधी "सर, तुमचा गैरसमज होतोय", मग "सर, फोटो बघून तुम्हीच बोली लावलीत ना", आणि शेवटी "लिलावात विकलेला माल परत घेत नाही, अटी वाचा". चोर तो चोर, वर शिरजोर! लिलाव चालवणाऱ्यांना लिहिलं तर ते म्हणाले, आम्ही फक्त मध्यस्थ. अहो, अधिभार कापून घेताना तुम्ही मध्यस्थ नव्हतात का? तो तर पहिल्या दिवशीच कापलात! मग पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. दिला. मग म्हणे नऊवरचे ओरखडे "वापरामुळे" आलेले असू शकतात. वापराने नाणं झिजतं ते उंच भागावर, राजाच्या गालावर, मुकुटावर. एकाच आकड्याची एकच बाजू वापराने कोरली जात नाही. हे ज्याला कळत नाही त्याने दुर्मीळ नाण्यांचे लिलाव भरवू नयेत.

आणि अटींचं म्हणाल तर कायदा वेगळंच सांगतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये लिहिलंय की माल बनावट निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची, हेही त्यातच आहे. मला पोच मिळाली सहाव्या दिवशी. महिना उलटून गेला.

माझं एक वेळ सोडा, मी निदान भिंग घेऊन बसणारा माणूस आहे. जे नव्याने या छंदात येतायत त्यांचं काय चाललंय ते बघितलं की डोक्यात तिडीक जाते. आपल्या लोकांना सगळ्यात जास्त लुबाडलं जातंय ते महाराजांच्या नावावर. १६७४ च्या राज्याभिषेकाचं निमित्त, एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति", तांब्याची शिवराई. ती पुढे पेशवाईत, अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली, कितीतरी टांकसाळींत पाडली गेली. मजकुरात दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई पेशवाईतली, ती आजही बऱ्यापैकी सापडते. पण लिलावात तीच दुदांडी "महाराजांच्या काळातलं मूळ नाणं" म्हणून चढवतात आणि किंमत दसपटीने वाढते. घेणारा कोण असतो? गडावर जाऊन माथा टेकणारा पोरगा, पहिल्या पगारातून काहीतरी घरी आणणारा. त्याला वाटतं, महाराजांच्या काळातली वस्तू आपल्या देव्हाऱ्याशेजारी आली. त्या भावनेचा असा बाजार मांडणाऱ्यांची मला किळस येते.

होनाचं तर बोलूच नका. शिवकालीन सोन्याचा होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच आढळतो. ऑनलाइन मात्र दर आठवड्याला नवा "सापडलेला" होन असतो! समारंभात सन्मान म्हणून प्रतिकृती देतात, त्यात काहीच गैर नाही, ती प्रतिकृती आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तीच प्रतिकृती मळवून, आम्लात बुडवून, "शेतात नांगरताना मिळाला" म्हणून विकतात तेव्हा तो गुन्हा आहे. आणि शेतात खरंच सापडला असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे, सापडलेलं धन सरकारला कळवावं लागतं. म्हणजे विक्रेता एक तर खोटं बोलतोय नाही तर कायदा मोडतोय. तरी त्याचं खातं चालू, पाच चांदण्यांसकट.

ती रामदरबाराची तांब्याची नाणी आठवा. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, मागे राम-सीता-हनुमान, साल १८१८ किंवा चक्क १६१६. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. देवळांबाहेर मिळणारं टोकन, पण लिलावात "चमत्कारी, अतिदुर्मीळ". पाचव्या जॉर्जचा चांदीचा रुपया १९२२ नंतर पाडला नाही, तरी १९३० सालचा रुपया मी विक्रीला पाहिलाय. अशा नाण्याची तक्रार केली की उत्तर येतं, "आम्ही तपासतो." पुढच्या आठवड्यात ते नाणं विकलेलं असतं.

दुसऱ्या बाजूने विकणाऱ्यांनाही सोडत नाहीत. माझ्या मावशीला कुणीतरी सांगितलं की वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात. २०१२ चं ते नाणं, ढिगाने पाडलेलं. तिने फोटो पाठवला, समोरच्याने रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून "नोंदणी शुल्क" म्हणून २,१०० रुपये घेतले आणि नंबर बंद. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही, कुणाला कसलं कमिशन मागत नाही. ते पत्रक मावशीपर्यंत पोचलंच नाही, फसवणारा मात्र बरोब्बर पोचला.

मी ज्यांच्याकडून हे सगळं शिकलो ते जुन्या बाजारात बसणारे एक काका होते. बुधवारी आणि रविवारी. नाणं मागितलं की आधी हातात द्यायचे, म्हणायचे, "वाजवून बघ, कड बघ, घाई करू नकोस." चिंच-मिठाने घासून चकचकीत केलेलं नाणं असेल तर स्वतःच सांगायचे, हे धुतलंय, कमी दे. एकदा माझ्याकडून जास्त पैसे घेतले गेले म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी ते परत केले होते. त्यांच्याकडे कुठलं प्रमाणपत्र नव्हतं, अटी-शर्ती नव्हत्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवलीय. जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद जमवतोय: बोलीच्या नोंदी, फोटो, व्हिडिओ, वजनाची चिठ्ठी, भिंगातून काढलेला त्या नऊचा फोटो. पैसे मिळतील तेव्हा मिळोत, मी हे सोडणार नाही.

काल छंदातल्याच एका ओळखीच्याने सुचवलं, "कशाला त्रास घेतोस? तूही तसाच फोटो काढ, दुसऱ्या लिलावात टाक, कुणीतरी घेईल, तुझे पैसे सुटतील." मला क्षणभर बोलताच आलं नाही. म्हणजे माझ्याआधीही हा रुपया असाच फिरत आला असणार. कोरणारा एक, आणि त्याच्यानंतर कळूनसुद्धा पुढे ढकलणारे किती? मी फोन ठेवला, तो रुपया कागदी पाकिटात घातला, आणि वर जाड शाईने लिहिलं: मूळ साल १९३८, आकडा बदललेला, विकू नये.