बॅकअपचा डबा बंद पडल्यावर करावयाचे विधी

सर्वप्रथम अभिनंदन. टीव्हीखालच्या कप्प्यात, राउटरच्या शेजारी जो काळा डबा, म्हणजे लॅपटॉपवरच्या फोटो-फाइलींची दुसरी प्रत साठवणारी डिस्क, तुम्ही काही वर्षांपूर्वी बसवला आणि नंतर फक्त दिवाळीच्या साफसफाईत पाहिला, तो बंद पडला आहे. म्हणजे निदान तुमच्याकडे डबा तरी होता. बहुतेकांकडे तोही नसतो. त्यांचे फोटो एकदम जातात, वाटेत कुठे थांबत नाहीत.

मी या विषयात नुकताच तज्ज्ञ झालो आहे. गेल्या महिन्यात गुरुवारी नेहमीप्रमाणे लाइट गेली, आली, परत गेली, आणि परत आली तेव्हा माझा लॅपटॉप आला नाही. बॅटरी केव्हाच वारलेला, कायम वायरीवर चालणारा लॅपटॉप. त्याची डिस्क गेली. मी शांत होतो. बायकोला म्हणालोसुद्धा, "घाबरू नकोस, आपल्याकडे बॅकअप आहे." हे वाक्य मी ज्या थाटात उच्चारलं, तो थाट आमच्या घरात अजून अधूनमधून काढून दाखवला जातो. नवा लॅपटॉप आणला, ऐटीत डब्याकडे वळलो, तर त्याचाही दिवा गेलेला.

तुमच्यावर ही वेळ येणारच आहे, म्हणून विधी क्रमाने सांगतो.

बंद करून चालू करा. तो बंदच आहे, हे कोणाला सांगत बसू नका.

मग माळ्यावरून अडॅप्टरांची पिशवी काढा. ती साड्यांच्या दुकानाचीच असते. आत एकमेकांना मिठ्या मारून बसलेले नऊ-दहा अडॅप्टर असतात: मेलेल्या मोडेमचा, सेट-टॉप बॉक्सचा, मुलाच्या कीबोर्डचा, आणि एक असा की ज्याचं यंत्र घरात कधी आलंच नव्हतं. ज्याची पिन बसेल तो लावा. नऊ व्होल्ट, बारा व्होल्ट, एकोणीस व्होल्ट, असला भेदभाव आपण मानत नाही. एकोणीसवाला लावलात तर डिस्कखालच्या हिरव्या पट्टीवरून बारीकसा धूर येतो आणि निदान निकाल तरी लागतो.

डिस्क आतून टकटक वाजत असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, असंही सांगणारे भेटतील. ठेवा, कोथिंबिरीशेजारी. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आणि एवीतेवी मरणारी ती आंघोळ करून मरते.

यानंतर घरातल्या संगणकतज्ज्ञाला बोलवा. प्रत्येक घराण्यात एक असतो. आमचा माझा पुतण्या आहे, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तो आला, चहा प्यायला, "काका, डिस्क ठीक असेल हो, डबाच गेलाय" असं म्हणाला, आणि स्क्रू काढून डिस्क बाहेर घेऊन वायरीने माझ्या नव्या लॅपटॉपला जोडली. डिस्कपुरतं त्याचं निदान शंभर टक्के बरोबर होतं, हे आधी नोंदवतो. डिस्क घरघरली, फिरली. मग पडद्यावर चौकट आली: ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करावी लागेल. करायची का? 'फॉरमॅट'चं बटण ठळक, निवडलेलं, एंटर दाबायची खोटी. 'कॅन्सल' बाजूला, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं, गप्प.

"काका, हे फॉरमॅट मागतंय. करू?"

मागतंय! जसं काही सत्यनारायणाला केळी मागतंय. त्याचं बोट एंटरवर होतं. मी आयुष्यात इतक्या वेगाने वायर उपटलेली नाही.

गोष्ट एवढीच आहे की हे डबे आतून विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या वेगळ्या प्रणालीवर चालतात. डिस्कवरची मांडणीही लिनक्सची, बहुधा ईएक्सटी४ नावाची. विंडोजला ती वाचता येत नाही. वाचता येत नाही असं म्हणायला मात्र त्याला कमीपणा वाटतो, म्हणून तो म्हणतो पाटी कोरी करू या. घरात मोडी लिपीतला कागद सापडला, आपल्याला वाचता येईना, तर आपण तो धुवायला टाकतो का? हे महाशय टाकतात. या एका चौकटीवर एंटर दाबून किती संसार कोरे झाले असतील!

आता मुख्य विधी: कस्टमर केअर. हा चुकवू नका, पुण्य लागतं. आधी डबा उलटा करून सिरियल नंबर वाचायचा. तो करड्या रंगावर करड्याच शाईने, मोहरीएवढ्या अक्षरांत असतो. त्यातलं ते गोल अक्षर शून्य आहे की 'ओ', हे तिसऱ्या फोनला ठरतं. पहिल्या फोनला बंद करून चालू करायला सांगतात. दुसऱ्या फोनला सांगतात, डॅशबोर्डवर, म्हणजे डब्याच्या सेटिंगच्या पानावर जा, लॉग फाइल, म्हणजे डब्याची रोजनिशी उतरवा आणि ईमेल करा. डबाच चालू होत नाही तर डॅशबोर्ड कुठून उघडू, असं मी विचारलं. पलीकडे थोडं संगीत वाजलं. मग, "सर, विदाउट लॉग वी कॅनॉट प्रोसीड." म्हणजे रुग्ण श्वास घेत नाही अशी तक्रार केली तर आधी त्याला फुगा फुगवून दाखवायला सांगा.

तिसऱ्या फोनला वॉरंटी निघाली. मला आनंद झाला, मी खोटं बोलणार नाही. वॉरंटी संपायला दोन महिने होते. डिस्क पाठवा सर, नवीन मिळेल. मी विचारलं, जुनीवर जे आहे त्याचं काय? आणि मग ते वाक्य आलं, जे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलं आहे: "सर, डिस्क भेजने से पहले डेटा का बॅकअप ले लीजिए."

परत वाचा. घाई नाही. बॅकअपची डिस्क बंद पडली, म्हणून तक्रार केली, तर ती पाठवण्याआधी तिचा बॅकअप घ्या म्हणाले. मी त्या मुलाला बोलत नाही. तो समोरचा कागद वाचतो, त्याच्यावर मिनिटांचा हिशेब आहे. पण तो कागद ज्याने लिहिला त्याला मला एकदा भेटायचं आहे. ही वॉरंटी लोखंडाची आहे, आतल्या मजकुराची नाही, हे तुम्ही कुठे छापता? घडीच्या कागदावर, सोळा भाषांत, सतराव्या पानावर. आणि खोक्यावर काय छापता? सोफ्यावर बसलेलं कुटुंब! आई, बाप, मुलगा, मुलगी, सगळ्यांचे दात दिसतायत, आजी कौतुकाने टॅबलेट बघते आहे. ती आजी काय तुमची कोरी डिस्क बघते आहे का? दुकानदारही तसाच. मला म्हणाला होता, "साहेब, दोन डिस्कवाला घ्या, एक गेली तरी दुसरी आहे." दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, त्यामुळे एक डिस्क खराब झाली तर दुसरी तारते, हे खरं. पण तुम्ही चुकून काही पुसलंत तर ते दोन्हीवरून त्याच क्षणी पुसलं जातं, हे त्याने सांगितलं नाही. नशीब, मी एकवालाच घेतला. दोन वॉरंटींचे सहा फोन माझ्याने झाले नसते. त्याच रात्री पावणेबाराला मेसेज आला: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, पाचपैकी किती तारे द्याल?

तारे!

शेवटी पुण्यातल्या तपकीर गल्लीत जा. तिथे एका बोळात टेबलाएवढं दुकान आहे. काकांनी डबा बघितलाच नाही, "अडॅप्टर आणलाय का?" एवढंच विचारलं. मीटर लावला, बारा व्होल्ट. मी म्हणालो, बघा, अडॅप्टर ठीक आहे. त्यांनी न बोलता डबा जोडून परत मीटर लावला. काटा घसरत आठवर आला. "रिकाम्या हाताने सगळेच बारा दाखवतात," म्हणाले. साडेतीनशे रुपये. दिवा लागला, हिरवा. तीन फोन, एक पुतण्या, टळलेलं फॉरमॅट, आणि रोग अडॅप्टरचा.

इथे माझ्यासारखं आनंदाने पेढे आणू नका. दिवा हिरवा म्हणजे फक्त वीज आहे.

घरी आल्यावर लॅपटॉपला डबा दिसेना. कारण राउटर. राउटर बदलायला आलेल्या माणसाला तुम्ही फक्त "वायफायचा पासवर्ड तोच ठेवा" एवढंच सांगता, बरोबर? जुना राउटर घराला १९२.१६८.१ या वस्तीतले पत्ते वाटायचा, नवा १९२.१६८.२९ मधले वाटतो. डब्याला मी हौसेने कायमचा पत्ता देऊन ठेवला होता, जुन्या वस्तीतला. वाडा पाडून इमारत झाली, सगळे बिऱ्हाडकरू नव्या फ्लॅटमध्ये गेले, आणि हा एकटा जुन्या जोत्यावर "मी अजून इथेच आहे" म्हणत बसलेला. लॅपटॉपला थेट वायर लावायची, त्यालाही तात्पुरता जुन्या वस्तीतला पत्ता द्यायचा, मग डब्याचं पान उघडतं. हे मला कोणी सांगितलं? कोणीही नाही. रात्री दीडला कळलं.

पान उघडलं तरी फोल्डर उघडेनात. कारण भाषा. संगणक एकमेकांचे फोल्डर उघडताना ज्या बोलीत बोलतात तिला एसएमबी म्हणतात; डबा तिच्या पहिल्या आवृत्तीत बोलतो. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे संगणक ओलीस धरले ते याच जुन्या बोलीच्या फटीतून शिरून; त्याच वर्षाच्या शेवटी-शेवटी मायक्रोसॉफ्टने ती विंडोज १०मध्ये आपणहून बसवणं थांबवलं. योग्यच केलं. इंटरनेटवरचे सज्जन मात्र सांगतात, विंडोजमध्ये जाऊन ती परत चालू करा. करा की. चोराने ज्या खिडकीतून उडी मारली ती उघडीच ठेवा, वारा चांगला येतो. वास्तविक डब्याच्याच सेटिंगमध्ये, 'प्रगत'च्या आत 'प्रगत' आहे, तिथे दुसरी आवृत्ती निवडता येत होती. कंपनीने ती दिली होती. निवडून मात्र पहिलीच ठेवली होती.

तिथेच डबा इंटरनेटवरूनही उघडता यावा असा एक पर्याय असतो, तोही चालू ठेवा की. २०२१च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डब्यांचे मालक सकाळी उठले तर डबे रिकामे होते. कोणीतरी बाहेरून ते कोरे केले होते. त्या डब्याला शेवटचं अपडेट २०१५मध्ये मिळालेलं. कंपनीचा सल्ला: इंटरनेटची वायर काढून ठेवा.

तर अखेर फोल्डर उघडला. सगळं जागेवर. मुलीचं बारसं, कोकणातलं घर पाडण्याआधीचं, सोसायटीच्या २०१६पासूनच्या मिनिट्स (दोन सभासदांना याचं वाईट वाटलं). मी खाली खाली गेलो. शेवटची फाइल, १७ जानेवारी. कुठल्या वर्षाची? गेल्या. राउटर बदलायला माणूस आला तो दिवस.

चौदा महिने. चौदा महिने हा डबा टीव्हीखाली हिरवा दिवा लावून बसला होता आणि त्याच्यात काहीही जात नव्हतं. जुन्या लॅपटॉपवर कोपऱ्यात रोज संध्याकाळी सूचना यायची, 'ड्राइव्ह पुन्हा जोडा', आणि मी रोज संध्याकाळी फुलीवर टिचकी मारायचो. मला वाटायचं पेनड्राइव्हचं काहीतरी आहे. उद्या पाऊस पडेल, अँटिव्हायरसचे पैसे भरा, आणि तुमच्या घरच्या आठवणी कुठेही साठत नाहीयेत: तिन्ही सूचना एकाच मापाच्या, एकाच कोपऱ्यात!

त्या चौदा महिन्यांत आमच्या मामांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. फोटो माझ्या कॅमेऱ्यात होते. लॅपटॉपवर उतरवले आणि कार्ड पुसलं, कारण बॅकअप आहे ना. मामांनी हजार चंद्र बघितले, आम्हाला एक दिवा नीट बघता आला नाही.

आता विनोद पुरे. डबे करणाऱ्यांनो, पंखा बंद पडला तर तुमचा डबा कोकलतो. मग महिनाभर त्यात एक फाइल आली नाही तर कोकलायला काय होतं? दिवा लाल करायला किती पैसे पडतात? तो हिरवा दिवा खोटं बोलतो आणि तुम्हाला ते माहीत आहे. आणि तुम्ही, वाचणारे, हसू नका. एक प्रत लॅपटॉपवर, एक डब्यात, एक घराबाहेर, हे तुम्हीही ऐकलंय आणि मीही ऐकलं होतं. ३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो, त्या दिवशी आपण सीएच्या मागे असतो. उठा. आत्ता. डबा उघडा, सगळ्यात नवीन फाइलची तारीख बघा. बघितली? आता त्यातला एक फोटो उघडून मोठा करून बघा, नुसतं नाव दिसतंय म्हणून समाधान मानू नका. उद्या करतो म्हणू नका, मीही तेच म्हणायचो, फुली मारताना.

फोन वाजतोय. रविवार आहे, मामा असणार. फोटोंचं विचारतील.