माल दाखवला तोच द्या, आणि दाखवलेलं पुसू नका

‘अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर तक्रार घेतली जाणार नाही.’ ऑनलाइन काहीही मागवा, बारीक अक्षरांत कुठेतरी हे वाक्य असतंच. आता तर लोकांनाही ते इतकं अंगवळणी पडलंय की कुणी फुटक्या वस्तूची तक्रार सांगितली की घरातलेच आधी विचारतात, ‘व्हिडिओ काढला होतास का?’ विकणाऱ्याने काय पाठवलं हा प्रश्न राहतो बाजूला आणि घेणाऱ्यावरच चौकशी बसते.

ग्राहक संरक्षण कायद्यात किंवा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत अशी अट कुठेही नाही. व्हिडिओ पुरावा म्हणून उपयोगी पडतो, जरूर काढा. पण तो नाही म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. ती अट कंपनीची आहे आणि कंपनीने घातलेली अट म्हणजे कायदा नव्हे.

दुसरं म्हणजे व्हिडिओने फक्त फुटतूट दिसते. कपाचा कान तुटलाय, मिक्सरचं भांडं तडकलंय, हे कॅमेऱ्यात येतं. पण वर्णनातच खोटं असेल तर? साडी रेशमाची की पॉलिस्टरची, टेबल सागवानी की नुसता मुलामा दिलेलं, मध खरा की साखरेचा पाक, हे कुठल्या व्हिडिओत दिसणार? माझ्या मते ऑनलाइन खरेदीत खरा घोळ इथेच आहे आणि त्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही.

आमच्या घरचंच सांगते. आईच्या पंच्याहत्तरीला आम्ही बहिणींनी मिळून पैठणी घ्यायचं ठरवलं. एका मोठ्या ॲपवर पाहिली. रामा रंग, नारळी काठ, पदरावर मोर. वर्णन होतं ‘शुद्ध रेशीम, हातमागावर विणलेली येवला पैठणी’. किंमत साडेअठरा हजार. आली तेव्हा रंग तोच, काठ तोच, मोरही जागच्या जागी. पण हातात घेतली की कापडाला रेशमाचा जीवच नाही, बोटांवरून नुसतं निसटतंय.

येवल्यातले एक विणकर काका आमच्या ओळखीचे. त्यांना फोटो पाठवले. त्यांनी लगेच फोन केला, ‘ताई, सरळ बाजूचे फोटो काय करू? पदर उलटा करून दाखवा.’

पारंपरिक पैठणीच्या पदरावर प्रत्येक रंगाचा धागा वेगळा चालतो. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि तिथूनच मागे वळतो. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागावर तसं होत नाही. तिथे धागे मागच्या बाजूने लांबच लांब सुटे जातात, नंतर ते कापतात. आमच्या पदरामागे मोराच्या आकाराचा कातरलेल्या धाग्यांचा झुपका होता. काकांच्या सांगण्यावरून टोकाचा एक धागा काढून जाळला. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरली जाते. आमचा धागा आकसला आणि त्याची टणक काळी गोळी झाली.

ॲपवर तक्रार टाकली. चॅटवर उत्तर आलं की प्रकाशामुळे रंगात थोडाफार फरक दिसू शकतो. मी रंगाबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं. पुन्हा समजावून लिहिलं. मग फॉल-पिको केलंय का, घडी मोडलीय का, लेबल जागेवर आहे का, अशी सरबत्ती. आणि शेवटी निकाल: विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार वस्तू वर्णनाप्रमाणेच आहे, परतीची विनंती नामंजूर.

मग वर्णन पुन्हा वाचावं म्हणून ऑर्डरवरून त्या पानावर गेले, तर पानावर लिहिलेलं ‘पैठणी स्टाईल आर्ट सिल्क साडी’. आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम. फोटो तेच, विक्रेता तोच, शब्द बदललेले. माझ्या ऑर्डरच्या नोंदीतूनही तेच बदललेलं पान उघडत होतं.

हे पाहून मला जितका राग आला तितका साडी पाहूनही आला नव्हता. वर्णन खोटं होतं हे सिद्ध करायला वर्णनच लागतं, आणि ते सगळं समोरच्याच्या ताब्यात. त्याला वाटेल तेव्हा तो ते बदलणार आणि वर मलाच विचारणार, पुरावा काय?

दोन गोष्टी आमच्या बाजूने होत्या. साडी पसंत करताना धाकट्या बहिणीने पानाचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला होता, तारीख-वेळेसकट. आणि दुसरी गोष्ट बिलावर होती. बिलात वस्तूच्या नावापुढे बहुधा एचएसएन क्रमांक असतो, म्हणजे जीएसटीसाठी केलेली मालाची वर्गवारी. रेशमी कापड ५००७ मध्ये येतं. कृत्रिम तंतूंच्या धाग्याचं कापड ५४०७ मध्ये. आमच्या बिलावर ५४०७ होतं. सरकारला सांगताना पॉलिस्टर आणि गिऱ्हाइकाला सांगताना शुद्ध रेशीम! साडी किंवा कापड मागवलं असेल तर बिलावरचा तो आकडा एकदा नक्की पाहा.

मग चॅट बंद केलं आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. स्क्रीनशॉट, बिल आणि पदराच्या उलट्या बाजूचे फोटो जोडले, आणि विक्रेत्याचा पूर्ण पत्ता लेखी मागितला. त्यानंतर कंपनीने फार ताणलं नाही, त्यांचा माणूस साडी घेऊन गेला आणि सगळे पैसे परत आले. ते पान मात्र पुढेही तसंच सुरू होतं. आमच्यासारख्या किती जणींनी आधीचं वर्णन वाचून ती साडी घेतली असेल आणि पदरी पडलं पवित्र झालं म्हणत कपाटात ठेवून दिली असेल!

यात विणकराचंही नुकसान आहे, ते कुणी मोजत नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या अस्सल मालासाठीच राखलेलं. एकेका साडीसाठी आठवडे, भरगच्च पदर असेल तर महिने मागावर बसणारा माणूस आणि यंत्रावर भराभर उतरणारी नक्कल, दोन्ही एकाच नावाने शेजारी-शेजारी विकल्या जातात. सेमी पैठणी, म्हणजे अशी नक्कल, विकायला माझी काहीच हरकत नाही. ज्यांना परवडते त्यांनी हौसेने घ्यावी, नेसावी. पण सेमी आहे असं सांगून विका. घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावं: सिल्क मार्कचं लेबल साडी शुद्ध रेशमाची आहे एवढंच सांगतं. ती हातमागाची आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा आहे.

आता कायद्याचं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि पाठोपाठ ई-कॉमर्सचे नियम आले. माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील, तर विक्रेत्याला माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, असं त्या नियमांत सरळ लिहिलंय. ॲपवाल्या कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. वर्णन आणि फोटो मालाशी जुळतील अशी हमी तिने विक्रेत्यांकडून लिहून घ्यायची. आपण लेखी मागितलं तर विक्रेत्याचा पत्ताही द्यायचा.

आणि तो ‘सात दिवसांत परत’चा काटा! आठव्या दिवशी बटण नाहीसं झालं की माणसं नाद सोडतात. ते बटण ही कंपनीची सोय आहे. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदतच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही कायद्याच्या व्याख्येतच अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

‘आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, तुमचं तुम्ही विक्रेत्याशी पाहा’ हे उत्तरही मुकाट्याने मान्य करू नका. कंपनीला विचारा: पैसे तुम्ही घेतले, खोक्यावर नाव तुमचं, माणूस तुमचा आला, प्रत्येक विक्रीवर तुमची कमाई झाली, आणि माल खोटा निघाला की हात झटकायचे? २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने प्रमाणित दर्जा नसलेले प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला एक लाखाचा दंड केला, २,२६५ कुकर घेतलेल्या सगळ्यांना कळवायला आणि पैसे परत करायला सांगितलं. त्या विक्रीतून कंपनीने सहा लाखांवर शुल्क मिळवलं होतं. प्रत्येक विक्रीतून कमाई होते तर तक्रार आल्यावर अंग काढून घेता येणार नाही, ही प्राधिकरणाची भूमिका होती. प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, पण तो मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

इन्स्टाग्रामवर लाइव्ह करून साड्या, दागिने, कुंड्या विकणाऱ्यांना वाटतं की हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी आहे. तसं नाही. घरातली एखादी जुनी वस्तू विकणारा माणूस यातून वगळलाय. नेमाने धंदा करणारा वगळलेला नाही. ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’ असं पानावर लिहून ठेवल्याने खोटं वर्णन खरं होत नाही. घरगुती उद्योग करणाऱ्या, सचोटीने विकणाऱ्या कितीतरी बायका माझ्या ओळखीत आहेत. एक जण तर मण्याचा रंग जरा वेगळा दिसला तरी पाठवण्याआधी फोन करते. खोट्या वर्णनवाल्यांमुळे नाव त्यांचंही खराब होतं.

तक्रार कशी करायची हे बऱ्याच जणांनी विचारलंय. ऑर्डर देताना वर्णनाचा स्क्रीनशॉट ठेवा, ही पहिली गोष्ट. नंतर ते वर्णन तसंच मिळेल याची खात्री नाही. चॅटवर रात्र घालवू नका. तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यात काय सांगितलं होतं, काय आलं आणि मला काय हवंय एवढंच लिहा, संताप नको. तिथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइनला निकाल देण्याचा अधिकार नाही. पण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिच्याशी जोडलेल्या असल्याने तक्रार योग्य टेबलावर पोचते आणि पुष्कळदा तिथेच मिटते. क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील तर बँकेकडेही लगेच लेखी हरकत नोंदवा, त्याला मुदत असते. आणि कृपा करून कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून फोन लावू नका. तिथे भामट्यांचे नंबर पेरलेले असतात, साडीचे पैसे राहतात बाजूला आणि खातं रिकामं होतं.

एवढं करूनही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने यात मोठा दिलासा दिलाय. आपण राहतो किंवा काम करतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता सुरतेचा असो नाहीतर दिल्लीचा, सांगलीचा माणूस सांगलीतच दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. तीन महिन्यांत निकाल, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळ जास्त वेळ लागतो, रिकाम्या जागा आणि तारखा यांत माणूस थकतो, हे मला माहीत आहे. बाराशे रुपयांच्या मिक्सरच्या भांड्यासाठी कोण इतकं करणार? आपण करणार नाही, याच हिशोबावर खोटं वर्णन करणाऱ्यांचा धंदा चालतो.

ज्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, जिथे मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून लोकांना संघटितपणे खरेदी करायला शिकवतेय, तिथे तरी आपण एकेकटं कुढत बसू नये. एकाच विक्रेत्याने फसवलेल्या पाच-दहा जणींनी एकत्र तक्रार केली तर तिचं वजन वेगळंच असतं.

आणि सरकारकडे माझी एक स्पष्ट मागणी आहे. ऑर्डर दिली त्या क्षणी पानावर जे वर्णन आणि जे फोटो होते, ते जसेच्या तसे बिलासोबत ग्राहकाला ईमेलने मिळालेच पाहिजेत, आणि कंपनीने तक्रारीची दोन वर्षांची मुदत संपेपर्यंत ते न बदलता जपलेच पाहिजेत. आपण काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, कुठल्या रंगावर बोट थांबलं, हे सगळं या कंपन्या साठवून ठेवतात. मग विकताना काय कबूल केलं होतं तेवढं साठवायला काय अडचण आहे? नियमात ही एक ओळ आली तर वर्णनाबाबतची निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत. मी हे ग्राहक व्यवहार मंत्रालयाला लिहून पाठवलंय. तुम्हीही पाठवा, आपापल्या शब्दांत, आपला अनुभव जोडून. तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवायच्या ईमेलचा मराठी मसुदा माझ्याकडे तयार आहे. कुणाला हवा असेल तर मेसेज करा, पाठवते.