विकणाऱ्याने गप्प बसावं, हा सल्ला विकणाऱ्यालाच गोत्यात आणतो

नाशकातल्या घर-प्लॉटच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुनं घर घेताना-विकताना सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) बघायचा, रजिस्ट्री उरकायची, बस्स. रजिस्ट्री झाली की विषय संपला. बाकीचे कागद मागणारे फक्त फी वाढवतात. विकणाऱ्याने तर स्वतःहून काहीच सांगू नये, कारण जेवढं बोलाल तेवढा भाव पडतो. बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद स्वच्छ आहेतच. नव्या घराला रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आहे. आणि सिंहस्थाच्या तोंडावर भाव चढत असताना कागदांत वेळ घालवलात तर सौदा हातचा जाईल.

मी साठेखतं (विक्रीआधीचे करार), खरेदीखतं तयार करून देण्याचं काम करते. असले मजकूर वाचून लोक आधी विसार देऊन मोकळे होतात आणि मग कागद घेऊन आमच्यासमोर बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते. क्रम मात्र माझा, कारण सगळ्यात घातक मुद्दा मजकुराच्या मधोमध दडलाय.

तो म्हणजे विकणाऱ्याने तोंड उघडू नये. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ पासून आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची कर्तव्यं लिहिली आहेत आणि त्यातलं पहिलंच हे आहे: मिळकतीत किंवा मालकी हक्कात एखादा महत्त्वाचा दोष असेल, तो विकणाऱ्याला माहीत असेल, घेणाऱ्याला माहीत नसेल आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याला सापडण्यासारखा नसेल, तर तो सांगितलाच पाहिजे. मागितले तर मालकीचे कागद दाखवले पाहिजेत. विचारलेल्या प्रश्नांना माहितीप्रमाणे उत्तर दिलं पाहिजे. दोष लपवला तर त्याच कलमात त्याला कपट म्हटलं आहे. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर हे आपोआप लागू होतं, कोणी मागणी करायची गरज नाही.

म्हणजे ‘बघून घेणं घेणाऱ्याचं काम’ हे अर्धंच खरं. भिंतीवरची उघडी भेग बघणं घेणाऱ्याचं काम. गेल्या महिन्यात मारलेल्या रंगाखालची ओल विकणाऱ्यालाच ठाऊक असते, ती सांगणं त्याचं. आणि गप्प बसून, रजिस्ट्री करून, पैसे घेऊन मोकळं झालो असं ज्यांना वाटतं त्यांनी १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचं कलम १७ जरूर पाहावं. कपटाच्या दाव्यात मुदत मोजायची ती कपट उघडकीला आल्यापासून, किंवा नीट काळजी घेतली असती तर ते कळलं असतं तेव्हापासून. खरेदीखताच्या तारखेपासून नाही.

त्यात खरेदीखतातला तो ठरलेला परिच्छेद. बहुतेक दस्तांत असतो आणि सही करताना जवळपास कोणी वाचत नाही: ‘सदर मिळकत निर्वेध, बोजारहित असून तीवर अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध, गहाण, दावा अगर जप्ती नाही. तसे आढळल्यास त्याचे निवारण लिहून देणार यांनी स्वखर्चाने करून द्यावयाचे असून त्याची तोशीस लिहून घेणार यांस लागू द्यावयाची नाही.’ लिहून देणार म्हणजे विकणारा. तोंडाने गप्प राहिलेल्या माणसाने इथे सहीनिशी हमी दिलेली असते, तीही स्वतःच्या खर्चाने निस्तरण्याची. मग जे माहीत आहे ते आधीच, वेगळ्या कागदावर, तारीख घालून लिहिलेलं असणं यात जास्त संरक्षण कोणाचं होतं? ‘मला सांगितलंच नव्हतं’ असं घेणाऱ्याला नंतर म्हणता येत नाही.

इंदिरानगरमधला वरच्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकणाऱ्या बाईंनी दिलेला असा कागद माझ्या चांगला लक्षात आहे. फुलस्केपचं एक पान, स्वतःच्या अक्षरात. मागच्या बेडरूमच्या भिंतीला जोराच्या पावसात ओल येते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालंय, पण ओल पूर्ण थांबलेली नाही. बाल्कनी बंद करून घेतली आहे, मंजूर नकाशात ती उघडी आहे. पार्किंगची जागा सोसायटीने वापरायला दिलेली, विकत घेतलेली नाही. लिफ्टच्या खर्चावरून सोसायटीत वाद चालू आहे, वर्गणी निघाली तर आपला वाटा इतका. खाली दोघांच्या सह्या, आणि ते पान साठेखताला जोडलेलं. घेणाऱ्याने ओलीपोटी थोडी रक्कम कमी करून मागितली, बाईंनी ती दिली. भाव पडला म्हणायचं तर तेवढाच. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओली झाली आणि त्यावरून भांडण झालं नाही.

आता ‘सातबारा आणि इंडेक्स टू पुरे’ याबद्दल. हे कागद बघायलाच हवेत, किमान तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदणीचा शोधही काढायला हवा. पण सातबारा हा मुळात महसुली अभिलेख आहे, त्यावर नाव लागल्याने मालकी जन्माला येत नाही. आणि नाशकात घराचं खरं दुखणं बरेचदा त्या कागदांच्या बाहेरच असतं.

नदीकाठचंच घ्या. २००८ च्या सप्टेंबरमध्ये आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेले पूर आपण सगळ्यांनी पाहिलेत. पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर लागलं हे अख्ख्या शहराला माहीत असतं, पण नासर्डीच्या, वालदेवीच्या काठावरच्या एखाद्या बंगल्याच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं का, हे त्या घरातल्यांनाच माहीत. इंडेक्स टूवर ते येत नाही. नदीकाठी नेहमीच्या मोठ्या पुराची निळी आणि क्वचित येणाऱ्या महापुराची लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये परवानगी मिळते, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ठेवण्यासारख्या अटी येतात. जुना बंगला पाडून चार मजले उठवण्याच्या हिशेबाने कोणी पैसे मोजत असेल, तर त्याच्यासाठी ही किरकोळ माहिती नाही.

जुन्या नाशकातला किंवा पंचवटीतला वाडा असेल तर आत किती भाडेकरू आहेत, कोण कधीपासून, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे का, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. भाडे नियंत्रण कायद्याखालचे भाडेकरू मालक बदलला म्हणून बाहेर पडत नाहीत. सिडकोने वसवलेल्या भागात वेगळी गोष्ट. तिथली घरं मुळात भाडेपट्ट्याने दिलेली, त्यातली काही पुढे नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर हातोहात गेली. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

आणि बहिणी. हा विषय लिहिताना मला थांबावंसं वाटतं, कारण लपवाछपवी सगळ्यात जास्त इथेच होते. वडील गेले, मृत्युपत्र नाही, सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव, आणि तो ‘मीच मालक’ म्हणून फ्लॅट विकायला काढतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात आई, मुलगे, मुली यांचा सारखा वाटा हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अगदी ठाम केला. ओझरला किंवा पुण्याला दिलेली बहीण ‘काही म्हणत नाही हो’ हे उत्तर कागदावर चालत नाही. तिची दस्तावर सही हवी किंवा तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. विकणाऱ्याने सगळ्या वारसांची नावं लेखी द्यावीत, असा आग्रह मी धरतेच. एखादं नाव नंतर बाहेर आलं तर घेणाऱ्याचं घर आणि त्या बहिणीचं माहेर, दोन्ही एकाच दाव्यात अडकतं.

रजिस्ट्रीने विषय संपतो का? नाही. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो, विकणाऱ्याच्या मालकीचा निवाडा करत नाही. बँकेचंही तसंच. तिचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो. भिंतीची ओल, सोसायटीतला वाद, शेजाऱ्याशी चाललेली हद्दीची कटकट त्याच्या अहवालात शोधू नका.

रेरा नव्या घरासाठी खरोखर भक्कम आहे. मंजुऱ्या, जमिनीवरचे दावे, बोजे प्रकल्पाच्या पानावर जाहीर करावे लागतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर राहते. पण एका माणसाने दुसऱ्याला जुना फ्लॅट विकला तर तिथे रेरा येत नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर नव्या इमारतीलाही नोंदणीची सक्ती नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांत बंगला पाडून उठणाऱ्या छोट्या इमारती बघा, म्हणजे हा अपवाद आपल्यासाठी किती मोठा आहे ते कळेल.

उरला सिंहस्थाचा मुद्दा. भाव चढतायत म्हणून घाई करा, असं मजकूर म्हणतो. मला नेमकं उलट वाटतं. रस्ते रुंद होणार, भूसंपादन होणार अशी चर्चा असते त्या काळातच जागेवरचं सार्वजनिक कामाचं आरक्षण किंवा रस्तारेषा (रस्त्यासाठी आखलेली हद्द) लपवून प्लॉट गळ्यात मारले जाण्याचा धोका वाढतो. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो, त्यात हे दिसतं. विसार देण्याआधी त्याचा अर्ज टाका. विकणाऱ्याला संपादनाची नोटीस आली असेल तर तिची प्रत मागा, आली नसेल तर ‘आलेली नाही’ असं लिहून घ्या. विसार द्यायचाच झाला तर पावतीत एवढं एक वाक्य घालून घ्या: ‘लिहून देणार यांनी लेखी दिलेल्या माहितीत तफावत आढळल्यास विसाराची संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करावयाची आहे.’